आधी खोट सांगतो

साळवेकाकांकडे चहा प्यायला गेलं की चहाच्या आधी चहाचे दोष यायचे. कप पुढे करता करता ते म्हणत, "आधी खोट सांगतो. साखर कमी पडलीय, दूध सकाळचं हाय, आन् कपाचा कान मी चिकटवलाय, तवा बुडाला धरा." एवढं ऐकल्यावर माणूस भीतभीत घोट घ्यायचा आणि चहा चांगला निघायचा. काकांचा चेहरा खुलायचा. खोट आधी कळली म्हणजे मालाबद्दल तक्रार राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

नगरजवळ भिंगारला लष्कराच्या एका डेपोत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा ते तिथे स्टोअरकीपर होते. पहिल्या दिवशी स्वतःची ओळखही त्यांनी अशीच करून दिली. "जय भीम. मी दौलत साळवे. आधी खोट सांगतो, उजव्या कानानं मला ऐकू येत न्हाई. साहेब चिडले की मी त्यांच्याकडं तीच बाजू करून उभा राहतो." साहेबांनाही हे ठाऊक होतं. ते आधी काकांना गोल फिरवून घेत आणि मग चिडत.

सिव्हिलियन स्टाफच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. त्यांच्या घरात ते आणि त्यांची मुलगी सुजाता, दोघंच. बायको फार पूर्वी गेलेली. मी तेव्हा एकटा होतो, जेवण निम्म्या वेळा त्यांच्याकडेच. सुजाता मला दादा म्हणायची.

काकांना नाद होता जुन्या वस्तूंचा. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात. ट्रंकांत मावेल तेवढं बरोबर जातं, उरलेलं व्हरांड्यात मांडून विकतात. रविवारी काका सायकल काढून बंगल्याबंगल्यांवरून फिरत. एखाद्या मेमसाहेब म्हणत, "साळवे, मिक्सर एकदम नया है." काका मिक्सर डाव्या कानाशी धरून हलवत आणि अदबीने म्हणत, "मॅडम, आप झूठ नहीं बोलते, आप को मालूम नहीं है." मग त्या मिक्सरचे सगळे दोष त्या बाईंना समजावून देत आणि मागितले तेवढे पैसे मोजून मिक्सर घेऊन येत. दोषाचा उपयोग भाव पाडायला करतात, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

घरी आणलं की उघडायचं, पुसायचं, जमेल तेवढं नीट करायचं आणि विकायला काढायचं. खोलीत पंखे, इस्त्र्या, गालिच्याच्या वळकट्या, पोरांच्या तीनचाकी. सुजाताने मुरडलेलं नाक त्या पसाऱ्यात कुणाला दिसायचं नाही. सुटणारे पैसे सायकलच्या पंक्चरला पुरत असतील. पण काका म्हणत, "आपन कंडम म्हनतो, ते कुनाच्या तरी उपेगाचं असतं. फकस्त त्यो मानूस सापडला पायजे."

माणूस सापडायला त्यांनी केबल धरली होती. त्या दिवसांत गावोगावचे केबलवाले आपल्या चॅनलवर कॅसेटा लावून सिनेमे दाखवायचे, आणि पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक पट्टी सरकत राहायची. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस, टायपिंगचे क्लास. त्यात साळवेकाकांची जाहिरात असायची. मात्र नगरच्या केबलवर नाही, संगमनेरच्या. भिंगारहून तिथे एसटीने जायचं तर निम्मा दिवस मोडतो. माल भिंगारला आणि जाहिरात संगमनेरला, यावर आमचं अख्खं ऑफिस हसायचं. काका म्हणत, "नगरचं गिऱ्हाईक खोट सांगितली की पळतं. संगमनेरचं धीराचं हाय."

माझी मावशी संगमनेरला होती. मी महिन्याकाठी तिच्याकडे जायचो. तेव्हा काकांच्या चिठ्ठ्या आणि पैसे केबलवाल्याला नेऊन देणं हे माझं काम. जाहिरातीचा साचा ठरलेला. आधी पूर्ण नाव, मग खोट, मग वस्तू, आणि शेवटी एक वाक्य. ‘दौलत रामभाऊ साळवे, भिंगार. आवाज करणारा व एकाच बाजूला वारा देणारा टेबलफॅन विकणे आहे. मालक ठीक आहे.’

केबलवाला शब्दावर पैसे घ्यायचा, तरी न राहवून एकदा मला म्हणाला, "पाव्हणं, फॅन ठीक आहे असं लिहिलं तर समजू शकतो. मालकाचं काय करायचंय गिऱ्हाइकाला?" मी हे काकांना सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पायजे तर फॅनचं काढ."

सगळ्यात गाजली ती बुटांची जाहिरात. कुठल्याशा लिलावातून त्यांना लष्करी बुटांचा एक जोड मिळाला, कोरा करकरीत, पण दोन्ही डाव्या पायाचे. आम्ही म्हटलं, आता तरी फेकून द्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली, ‘दोन्ही डाव्या पायाचे बूट विकणे आहे. मालक ठीक आहे.’ ऑफिसात तेव्हापासून कुणी कुणाला भेटलं की विचारायचं, "काय, मालक ठीक का?"

आणि मग राजूरकडचा एक माणूस आला. कुबडी घेऊन, दोन एसट्या बदलून. संगमनेरला सोयऱ्याकडे उतरला होता, तिथे टीव्हीवर वाचलं म्हणाला. त्याला उजवा पाय नव्हता. "दर वक्ताला जोड घ्यायचा, आन् उजवा बूट घरात तसाच पडून ऱ्हातो. त्याच्याकडं बघवत न्हाई," एवढंच तो बोलला. काकांनी खाली बसून त्याच्या पायात बूट चढवला, नाडी बांधली आणि दुसऱ्या बुटाच्या टाचेतला एक खिळा थोडा वर येतो, हेही सांगितलं. पैसे मात्र घेतले. तो गेल्यावर मी म्हटलं, फुकट द्यायचे होते. काका म्हणाले, "फुकट दिलं तर पाय न्हाई म्हनून दिलं असं व्हतं. आपन बूट इकतो."

ही बुटांची गोष्ट मी आजवर कितीतरी बैठकींत सांगितली आहे. लोक हसतात, एखाददुसरा डोळे पुसतो, आणि मी तिथेच थांबतो. कारण याच्या पुढे गोष्टीत मी येतो.

काका संगमनेरलाच का चिकटून होते, यात कोडं काहीच नव्हतं. सुजाता संगमनेरला दिलेली होती. ते स्थळ मी आणलं होतं.

मुलगा माझा मावसभाऊ, विलास. दूध डेअरीत नोकरी, व्यसन नाही, पक्कं घर. बघण्याचा कार्यक्रम काकांच्या खोलीत झाला. पंखे आणि इस्त्र्या पलंगाखाली ढकलून सतरंजी घातली होती. पोहे आले, आणि काकांनी पाहुण्यांसमोर घसा साफ केला. "आधी खोट सांगतो. पोरगी हुशार हाय, पन भात करपवती. डावा डोळा जरा अधू हाय, फुडं चष्मा लागंल. आन् घाबरली की बोलत न्हाई, गप ऱ्हाती. त्ये तुमाला वळखावं लागंल." सुजाता आतल्या आत मरून गेली असेल. मावशी मात्र हसली, तिला माणूस आवडला. मग काका माझ्याकडे वळले. "अशोक, तू मधला. आता तिकडची खोट तू सांग."

विलासची खोट मला माहीत होती. त्याचं कुणाशी बिनसलं की ते कायमचं. थोरल्या भावाने न विचारता सायकल नेली, एवढ्यावरून त्याने भावाशी बोलणं टाकलं होतं, आणि घरातल्या कुणालाही त्याच्याशी बोलू देत नव्हता. मावशी आपल्या थोरल्या लेकाला बाजारच्या दिवशी भाजीवालीच्या पालाआड उभी राहून भेटायची. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी म्हणालो, "काही नाही काका. मुलगा सरळ आहे."

काकांनी डावा कान माझ्याकडे केला, जणू नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "बिनखोटीचा माल मी तरी अजून पाह्यला न्हाई. पन तू म्हनतोस म्हंजी असंल."

मी असं का केलं याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. मावशीची गळ होती, लग्नानंतर माणूस निवळतो, वगैरे. खरं सांगायचं तर पोह्यांची बशी माझ्या हातात होती, सगळे खुशीत होते, आणि त्या खोलीत वाईट व्हायची माझी तयारी नव्हती.

लग्न विहारात लागलं. आमच्याकडे आहेर माईकवरून पुकारतात. काकांनी लेकीला रंगीत टीव्ही दिला होता, बदली झालेल्या एका मेजरसाहेबांकडून घेतलेला, आणि रात्री जागून स्वतः साफ केलेला. पुकारणाऱ्याने ‘वधूपित्याकडून रंगीत टीव्ही’ म्हटलं, तसे काका उठले आणि त्यांनी माईक मागून घेतला. मला पुढचं कळलं, पण मी बराच मागे बसलो होतो. "आधी खोट सांगतो," लाउडस्पीकरमधून आवाज घुमला. "टीव्ही जुना हाय. मधीच चित्र खाली घसरतं, तळाची चार बोटं दिसत न्हाईत. त्याला मागं एक पिळनी हाय. रुपायाच्या नाण्यानं अर्धा फेर दिला की चित्र जाग्यावर."

मांडव पोट धरून हसला. विलास हसला नाही.

चारचौघांत जुना माल दिला आणि वर पुकारून दिला, हे त्याने मनात धरलं. काही महिन्यांनी काका टीव्हीची पिळणी बघायला म्हणून पिशवीत पान्हे घालून गेले. बघायचं काय होतं ते उघड होतं. विलासने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुन्हा यायचं नाही, पत्र टाकायचं नाही, इकडूनही कुणी टाकणार नाही. सुजाता आत उभी होती. ती घाबरली, आणि घाबरल्यावर ती जे करते तेच तिने केलं. मावशीने मध्ये पडून पाहिलं, तर तिच्याशीही त्याचं बोलणं तुटलं. ती थोरल्याकडे राहायला गेली.

काका संध्याकाळच्या गाडीने परत आले. मी वाट पाहत बसलो होतो, ते काय बोलतील ते ऐकून घ्यायच्या तयारीने. त्यांनी पिशवी खुंटीला टांगली आणि विचारलं, "संगमनेरच्या केबलवाल्याचं दुकान तुला ठावं हाय का?"

जाहिराती तिथून सुरू झाल्या. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मावशीकडे जायचो, केबलवाल्याकडे जायचो, आणि विलासची गल्ली टाळून परत यायचो. सुजाताला तोंड दाखवायची मला लाज वाटायची. आणि भिंगारला आलो की ऑफिसातल्यांबरोबर ‘मालक ठीक का’ला हसायचो.

एकदा काका काविळीने आजारी पडले. दवाखान्यात सलाइन लावलेलं, डोळे हळदीसारखे. मी संगमनेरला निघालो म्हटल्यावर त्यांनी उशीखालून चिठ्ठी काढली. आवाज करणारी शिलाई मशीन, मालक ठीक आहे. मी म्हटलं, "काका, या खेपेला शेवटचं वाक्य काढू का?"

"मग जाहिरात देतोस कशाला?" ते म्हणाले. बोलायला त्यांना वेळ लागत होता. "पोरीला पयल्यापासून आठला शिनिमा बघायची सवय हाय. खालून नाव गेलं, मालक ठीक हाय म्हनून गेलं, तिचं भागतं. तिनं उलटं काय कळवायची गरज न्हाई. तिनं वाचलं, बास."

मालकाची खोट लपवून केलेली त्यांची ही एकच जाहिरात.

त्या खेपेला मला राहवलं नाही. सुजाता ते वाचताना एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून आठच्या सुमाराला मी विलासकडे गेलो. माझ्याशी त्याने अजून तोडलेलं नव्हतं. "त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही," असं बजावून त्याने मला कोचावर बसवलं. सुजाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून टीव्हीकडे बघत शेंगा सोलत होती. सिनेमात गाणं चाललं होतं. नाचणाऱ्यांना पाय नव्हते. पडद्याच्या वरच्या बाजूला चार बोटं काळं होतं, आणि खाली सगळी माणसं पोटऱ्यांपाशी संपत होती. पट्टी नव्हती. पट्टी काचेच्या खाली, लाकडाच्या आत कुठेतरी सरकत होती.

मी विलासला विचारलं, मागची पिळणी फिरवली नाहीस का.

"त्यानं माईकवरून शिकवलेलं मी घरात करू?" तो म्हणाला. "आहे तसा चालतो. कुणी हात लावायचा नाही."

लग्नापासून तो बिनपायांचे सिनेमे बघत होता, पण अर्धा फेर देत नव्हता. माझ्या खिशात परतीच्या तिकिटाची चिल्लर होती. त्यात रुपया होता. तो मी बोटांनी चाचपला. टीव्ही दोन पावलांवर होता. विलासचा जबडा मला बाजूने दिसत होता. "भाऊजी, चहा ठेवू?" सुजाताने विचारलं. लग्नानंतर तिला मला भाऊजी म्हणावं लागायचं. मी चहा प्यालो आणि उठलो.

दवाखान्यात काकांनी एवढंच विचारलं, "टीव्ही कसा चाललाय?"

"छान चाललाय."

"चित्र जाग्यावर?"

"जागेवर."

ते उशीवर मागे टेकले. "बघ," ते म्हणाले. "मेजरसाहेबांकडनं आनला तवा सगळे कंडम म्हनत व्हते."

काका त्या दुखण्यातून उठले, आणि माझी शिक्षा सुरू झाली. ठाऊक असून मी चिठ्ठ्या पोचवत राहिलो. केबलवाला आता न वाचताच पैसे घ्यायचा. काका रिटायर झाले, सायकल सुटली, बंगल्यांवर जाणं थांबलं. मग ते घरातलंच विकायला काढू लागले. आधी कपाट, मग खुर्ची, मग पलंग. कधी कुणी न्यायला यायचं, बहुतेक वेळा नाही. जाहिरात चुकली नाही. काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिली, ‘कान चिकटवलेला, बुडाला धरावा लागणारा कप विकणे आहे. मालक ठीक आहे.’ ही चिठ्ठी देऊन मी परत आलो, त्याच आठवड्यात ते झोपेत गेले. महिन्याचे पैसे भरलेले होते. त्यामुळे संगमनेरला मालक महिनाअखेरपर्यंत ठीक होते.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विलास आणि सुजाता आले, उभ्या उभ्या. विलास बाहेर चपला घालत होता, तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. भिंतीवर कपाटाच्या जागी राहिलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "इतक्या वर्षांत बाबांनी एकदा कळवलं नाही. ‘मी ठीक आहे’ एवढं कळवायला काय लागतं?"

बाहेरून विलासने हाक मारली. ती गेली.

पुढच्या खेपेला मी मावशीकडे गेलो नाही, सरळ विलासकडे गेलो. आठ वाजून गेले होते, सिनेमा लागलेला होता. मी कोचावर न बसता टीव्हीच्या मागे गेलो. "त्याला हात लावू नकोस," विलास म्हणाला. तोवर मी नाणं खाचेत बसवलं होतं. धूळ होती, पण पिळणी जराही अडली नाही. अर्धा फेर. एका पोरालाही जमला असता. चित्र दोन हिसके खाऊन वर आलं, माणसांना पाय आले, आणि पायांखालून अक्षरं सरकू लागली.

सुजाता उंबऱ्यातून उठून पुढे आली. "दादा," ती म्हणाली, "खाली हे असतं होय?"

असतं, असं मी म्हटलं. आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. पोह्यांच्या बशीपासून, विलाससमोर, त्याच्या सायकलीसकट. बाबांचं नाव रोज इथून जायचं. पुढे एखादी मोडकी वस्तू असायची. शेवटी असायचं, मालक ठीक आहे. विलास मधेच उठला आणि ओट्यावर जाऊन उभा राहिला. तो काय विचार करत होता ते मला आजही माहीत नाही.

सुजाताने फडताळातून चष्मा काढला, डाव्या डोळ्याला नंबर लागलाच होता, आणि पाट घेऊन टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस गेला. हरवलेली म्हैस गेली. टायपिंगचा क्लास गेला. पट्टी संपली आणि पुन्हा वाढदिवसापासून सुरू झाली. ती वाचत राहिली.